साल्वियाचे हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, विचारलंत तर मी काहीतरी ठोकून देईन आणि तुम्ही ते खरं धरून बसाल. तेव्हा रोमचं राज्य होतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. त्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, आल्बेना नावाचं एक गाव होतं. रोम शहर तिथून लांब. गावातल्या निम्म्या लोकांनी ते कधी पाहिलंही नव्हतं, पण शपथ घ्यायची वेळ आली की रोमच्याच देवांची घ्यायचे. गावात ऑलिव्हची झाडं होती, द्राक्षांचे मळे होते, बकऱ्या होत्या, आणि चुलीचुलीपाशी देव होते. हो, चुलीपाशी. आपण देव्हारा म्हणतो तो त्यांचा तिथंच असायचा. जेवायला बसलं की पहिला घास आगीत. हसताय काय? आपणही ताटाभोवती पाणी फिरवून शितं ठेवतोच की.

तर त्या गावात साल्विया राहायची. ती सुईण होती. तिची आई कोण, बाप कोण, कुणाला पत्ता नव्हता, तिला स्वतःलाही नव्हता. जन्मल्या जन्मल्या तिला कुणीतरी कुठल्यातरी गावाच्या शिवेवर टाकलं होतं. गुलामांच्या व्यापाऱ्यानं उचललं, चार घास घालून वाढवलं आणि बाजारात उभं केलं. एका म्हाताऱ्या सुइणीनं तिला विकत घेतलं, आपली विद्या शिकवली, आणि मरताना तिला मोकळी केली. तेव्हापासून साल्विया आल्बेनात होती. लग्न नाही, मूल नाही. गावातल्या सगळ्यांची पोरं तिच्या हातावर जन्मलेली, आणि तिच्या घरात मात्र एक मांजर.

हाताला तिच्या गुण होता. असं म्हणतात की तिनं पोटावर नुसता तळवा ठेवला की आत आडवं पडलेलं मूल निमूट सरळ व्हायचं. असंही म्हणतात की ती रानातून चालत गेली की अडलेल्या शेळ्या मोकळ्या व्हायच्या. तोंडानं मात्र फटकळ. बाळंतीण ओरडली तर म्हणायची, "ओरड, ओरड. तुझ्या सासूनंही असाच गाव डोक्यावर घेतला होता." बाया तिला भ्यायच्या, आणि कळा सुरू झाल्या की तिच्याशिवाय कुणाचं नाव घ्यायच्या नाहीत.

आता त्यांची एक रीत सांगते. ही नीट ऐका, कारण सगळी गोष्ट हिच्यावर उभी आहे. मध्येच "म्हणजे काय" म्हणून विचारायचं नाही.

मूल जन्मलं की सुईण त्याची नाळ कापायची, त्याला पुसायची, हातपाय चाचपून बघायची, आणि मग चुलीसमोर उघड्या जमिनीवर ठेवायची. खाली काही अंथरायचं नाही. मग बाप आत यायचा. बाप नसेल तर आजा. त्यानं वाकून मूल उचललं तर ते त्याचं. ते घराचं, कुळाचं, चुलीच्या देवाचं. पण तो उचलेपर्यंत ते कुणाचंच नसायचं. नऊ महिने पोटात वागवलेल्या आईचंही नाही! तिनं हात लावून उचलायचं नाही. ही काय रीत झाली, असं तुमच्या तोंडावर आलेलं मला दिसतंय. होती तशी होती.

उचललं की काय आनंद! दाराला पानांचे हार चढायचे. मग तीन पुरुष उंबऱ्यापाशी जायचे. एक उंबऱ्यावर कुऱ्हाड मारायचा, दुसरा मुसळ आपटायचा, तिसरा केरसुणीनं उंबरा झाडायचा. का? तर रानात एक देव असतो, झाडाझुडपांचा, तो नव्या बाळाच्या आणि बाळंतिणीच्या वाटेला जातो. लोखंड, मुसळ आणि केरसुणी बघितली की त्याला कळतं, इथं माणसं राहतात, आणि तो परत फिरतो.

आणि बापानं पाठ फिरवली तर? तर सूर्य मावळायच्या आत सुइणीनं ते मूल गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचं. तिथं एक जुनं अंजिराचं झाड होतं, त्याखाली. न उचललेलं मूल सूर्य मावळल्यावर घरात राहिलं तर रानातला देव उंबरा ओलांडून आत येतो आणि घराचा निर्वंश करतो, असं सगळे मानायचे. ते नेण्याचं काम दुसरं कुणी करायचं नाही. जिनं जगात आणलं तिनंच.

ती माणसं राक्षस नव्हती बरं का. पिकं बुडायची, घरात आधीच तोंडं जास्त असायची, मुलीला लग्नात देता देता हात रिकामे व्हायचे. आणि आपण फार नाक वर करू नये. आपल्याकडेही मुलींचं काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

साल्वियानं अशी किती मुलं नेली ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पदराखाली घेऊन जायची, फडक्यात गुंडाळून झाडाखाली ठेवायची, आणि मागे न बघता परत यायची. मनाशी म्हणायची, मलाही असंच ठेवलं होतं, मला नाही का कुणी उचललं? यांनाही कुणीतरी उचलेलच. व्यापारी येतात, मूल नसलेल्या बाया येतात. ह्याच्या जोरावर ती जगत होती. माणसाला जगायला काहीतरी लागतं.

पण ही गोष्ट घडली त्या वर्षी वसंतात तिनं एक मुलगी नेऊन ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मुळ्या खणायला ती त्याच वाटेनं गेली. जायला नको होतं. फडकं तिथंच होतं. मूलही तिथंच होतं. कुणी आलं नव्हतं.

साल्विया त्या दिवसापासून कुणाशी धड बोलली नाही. थट्टा गेली, शिव्याही गेल्या. बायांना वाटलं, म्हातारी झाली.

आता गावातल्या मोठ्या घराकडे वळू. त्या घराचा मालक मारुल्लस. ऑलिव्हच्या तेलाचे घाणे त्याचे, अर्ध्या गावाला काम देणारा तो. माणूस सरळ, देवधर्म काटेकोर पाळणारा. रीत म्हणजे रीत. त्याला एकच मुलगा होता, ऑलस. ऑलसच्या आधी त्याच्या बायकोला दोन मुली झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा मारुल्लसनं पाठ फिरवली होती. दोन्ही मुली साल्वियानं नेल्या होत्या. मग ऑलस झाला, आणि त्याला मारुल्लसनं इतक्या घाईनं उचललं की स्वतःच तोल जाऊन पडता पडता वाचला. ऑलसची आई पुढे लवकर गेली. गावच्या बाया म्हणायच्या, ती त्या दोघींच्या मागे गेली.

ऑलस मोठा झाला, त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव तेर्तुल्ला. पोर गरीब गाईसारखी, पण नवऱ्यावर जीव. तिला दिवस राहिले आणि त्याच सुमारास ऑलस तेलाचे रांजण घेऊन गलबतानं दूरदेशी गेला. "बाळाच्या आधी परत येतो," म्हणून गेला.

तो आला नाही. बातमी आली. गलबत वादळात फुटलं, एकही माणूस वाचला नाही.

रोमच्या लोकांचा एक ठाम समज होता. ज्याचं क्रियाकर्म झालं नाही तो जीव भटकत राहतो, त्याला पलीकडे जाता येत नाही. म्हणून मारुल्लसनं प्रेत नसताना सगळं केलं. ऑलसचा झगा चितेवर ठेवला, त्याच्या नावानं तीनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मग अग्नी दिला. सगळं गाव रडलं. मारुल्लस रडला नाही. तो घरी आला आणि त्यानं ऑलसची खाट अंगणात नेऊन मोडली.

थोड्या दिवसांनी तेर्तुल्लाच्या कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ होती. साल्वियाला बोलावणं गेलं. ती आली, हात लावला, आणि तिचा चेहरा उतरला. मूल पायांकडून येत होतं. आपण पायाळू म्हणतो ना, तसं. आपल्याकडे पायाळूवर वीज पडते म्हणून नुसती काळजी करतात. त्यांच्याकडे पायाकडून जन्मणं म्हणजे प्रेतासारखं येणं. प्रेत घराबाहेर काढताना पाय पुढे असतात आणि हे मूल पाय पुढे करून घरात येतं, मग ते काय घेऊन येणार? असं ते म्हणायचे. साल्वियानं तेर्तुल्लाला वाचवलं, मुलालाही वाचवलं. मुलगी होती. रडली ती इतकी खणखणीत की बाहेर घाण्यावरच्या माणसांनी मान वळवली.

साल्वियानं तिला पुसलं आणि चुलीसमोर जमिनीवर ठेवलं. मारुल्लस आत आला. त्यानं खाली बघितलं.

"कशी जन्मली?" त्यानं विचारलं.

साल्विया खोटं बोलू शकली असती. पण देवासमोर सुइणीनं खोटं बोलायचं नसतं. "पायांकडून," ती म्हणाली.

"पोटात असताना बाप खाल्ला," मारुल्लस म्हणाला. "आता पाय पुढे करून आली. आता कुणाला खाणार?" आणि त्यानं पाठ फिरवली.

तेर्तुल्ला खाटेवरून ओरडली, "मामंजी! त्यांचं एवढंच उरलंय हो माझ्याजवळ!" तो थांबला नाही. दारातून जाताना एवढंच म्हणाला, "साल्विया, सूर्य मावळायच्या आत."

साल्विया मुलीशेजारी गुडघ्यावर बसली. फडकं तिच्या खांद्यावर होतं. बाया बघत होत्या. ती आता फडकं काढेल, मुलीला गुंडाळेल, पदराखाली घेईल, हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. साल्वियानं फडकं काढलं आणि बाजूला टाकलं. मग तिनं आपले दोन्ही हात तळवे वर करून जमिनीला टेकवले आणि हळूच मुलीच्या अंगाखाली सरकवले. उचललं नाही. नुसते हात खाली ठेवले. मुलीची पाठ जमिनीवरून तिच्या तळव्यांवर आली, आणि मुलगी रडायची थांबली.

एक बाई घाबरून म्हणाली, "अगं साल्विया, हे काय करतेस!"

"मी उचललं का?" साल्विया म्हणाली. "उचलायचं नाही अशी रीत आहे. हात ठेवायचा नाही अशी रीत मला कुणी दाखवावी."

मारुल्लसला कळलं. तो तावातावानं आत आला. "आजवर नेलीस ना सगळी? मग आजच काय झालं?"

साल्वियानं मान वर केली. ह्या घरात तिनं कधी मालकाकडे असं बघितलं नव्हतं. "ह्या घरातून दोन मी नेल्या, मालक," ती म्हणाली. "तुमच्या होत्या. तिसरी नेणार नाही."

"मग सूर्य मावळल्यावर काय होईल ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तो रानातला येऊ दे. हिच्या आधी त्याला मला ओलांडावं लागेल."

मारुल्लसनं गड्यांना हुकूम दिला, हिला ओढून बाजूला करा. गडी पुढे आले आणि तिथंच थबकले. नवजात मुलाखाली सुइणीचे हात आहेत, ते कोण ओढणार? ज्याचा स्वतःचा जन्म त्याच हातांवर झाला तो ओढणार? एकेक करून सगळे मागे सरले. मारुल्लस अंगणात जाऊन उन्हाकडे बघत बसला. आता रीत मोडली तरी मावळतीला आपणच मुलीला शिवेवर नेऊन ठेवायचं, असं त्यानं ठरवलं. असं म्हणतात की घरातली चूल त्या दिवशी कुणी लाकूड घातलं नाही तरी जळत राहिली, आणि ज्योत सगळा दिवस मुलीच्या बाजूला कललेली होती.

दुपारी मुलगी भुकेनं कळवळायला लागली. न उचललेल्या मुलाला पाजायलाही वर घ्यायचं नसतं. तेर्तुल्ला हमसून हमसून रडत होती. साल्विया तिच्यावर खेकसली, कितीतरी दिवसांनी खेकसली, "नुसती रडतेस काय? मुलीला वर घ्यायला बंदी आहे, तुला खाली यायला आहे का?" तेर्तुल्ला खाटेवरून उतरली, जमिनीवर आडवी झाली आणि तिनं लेकीला तिथंच पाजलं. साल्वियाच्या हातांना रग लागली होती, खांदे थरथरत होते. वय काही कमी नव्हतं तिचं. पण हात तिनं काढले नाहीत. बसवेना तेव्हा ती कुशीवर झाली आणि तशीच पडून राहिली.

ऊन कलायला लागलं. आणि वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला. माणसं पळत येत होती, पोरांना घरात ओढत होती, दारं लावत होती. वाटेवरून एक माणूस चालत येत होता. दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या, पाय सुजलेले.

ऑलस होता तो.

मेला नव्हता हो तो! गलबत फुटलं तेव्हा एका रिकाम्या रांजणाला मिठी मारून तो वाहत गेला होता. कुठल्याशा बेटावर कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं, तापात तो पडून राहिला, आणि अंगात बळ आल्यावर पायी निघाला. सगळी वाट त्याच्या डोक्यात एकच होतं, बाळाच्या आधी पोहोचायचं.

तो अंगणात आला आणि म्हणाला, "बाबा." मारुल्लस पांढराफटक पडला. त्यानं त्या पोराला हाका मारून, ओ आली नाही म्हणून जाळलं होतं. मेलेली माणसं परत येतात तेव्हा ती घरातल्यांना न्यायला येतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं कोठारातून काळ्या वालाचे दाणे मुठीत घेतले आणि तोंड फिरवून मागे फेकत राहिला, भूत असेल तर ते वेचत मागे राहील म्हणून. गड्यांनी तांब्याची भांडी बडवली. ऑलस दाण्यांच्या माऱ्यात उभा राहून रडत होता. "बाबा, अहो बाबा, मी जिवंत आहे! हात लावून बघा!"

शेवटी बापाचं काळीज ते. मारुल्लसनं हात लावला. अंग गरम होतं. तो मुलाच्या गळ्यात पडला. आणि मग बाजूलाही झाला, कारण त्याला रीत आठवली.

काय रीत? ज्याचं क्रियाकर्म झालं तो मेला. तो जिवंत असला तरी मेला! असा माणूस दारातून आत आला तर मरण त्याच्यासोबत आत येतं. आणि मेलेल्या माणसाला बायको नाही, घर नाही, मूल नाही. आत त्याची मुलगी जमिनीवर पडली होती, तिचा आवाज त्याला ऐकू येत होता. आज्यानं फिरवलेली पाठ परत फिरत नसते, आता तिला उचलायचा हक्क जगात एकट्या त्याचा होता. आणि त्याला उंबरा ओलांडता येत नव्हता. ओलांडला असता तरी मेलेल्याच्या हातांनी उचललेलं मूल कुणाचं? ऊन उंबऱ्यापर्यंत उतरलं होतं. रोमला माणूस पाठवू, मोठ्या पुजाऱ्याला विचारू, असं कुणी म्हणालं. रोमहून माणूस परत येईपर्यंत काय उरणार होतं?

तेव्हा आतून साल्वियाचा आवाज आला. "मेलेला माणूस दारातून येत नाही ना? मग कौलं काढा!"



"कौलं काढा आणि त्याला वरून आत सोडा. तो घरात येणार नाही, तो घरात जन्मेल. जन्मला की जमिनीवर येईल. बापानं उचललं तर तो जिवंत. मग तो आपल्या लेकीला उचलेल."

मारुल्लस दारातून म्हणाला, "जन्माला यायला आई लागते. ह्याची आई तर केव्हाच गेली."

"मी आहे," साल्विया म्हणाली.

"तू? ह्या वयात? तुला उभ्या जन्मात मूल झालं नाही!"

"मालक, तेल कसं काढायचं ते मी तुम्हाला कधी शिकवलं का? मग बाळंतपण मला शिकवू नका. दोर आणा."

दोर आणले. पोरं छपरावर चढली, कौलं बाजूला केली, आणि साल्विया होती तिच्या बरोबर वर छताला भगदाड पडलं. ऑलसला दोरानं बांधून त्यांनी पाय वर आणि डोकं खाली असं सोडलं. ते साल्वियानंच सांगितलं होतं. "ह्या वेळी डोक्याकडून येऊ दे," ती म्हणाली. तो खाली येऊ लागला, आणि असं म्हणतात की त्याच क्षणी साल्वियाला कळा सुरू झाल्या.

सोंग नव्हतं ते. तिथं चार बाळंतपणं झालेल्या बाया होत्या, त्यांना कोण फसवणार? तिचं पोट ताठलं, कपाळावर घाम आला, ओठ तिनं दातांखाली धरले. दुसऱ्यांना तिनं आयुष्यभर जे सांगितलं ते बाया आता तिला सांगत होत्या. श्वास घे, दम धर, आता जोर कर. एकीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. असं म्हणतात की तिनं जी किंकाळी फोडली तिच्यात एका मुलाचा आवाज नव्हता. खूप मुलं एकदम रडत होती, वर्षानुवर्षांची, आणि तिथल्या प्रत्येक आईला त्यातला आपला आवाज ओळखू आला. मारुल्लसला दोन आवाज ऐकू आले. तो दाराची चौकट धरून खाली बसला. आणि एवढ्या वेणांतही साल्वियाचे हात मुलीखालून हलले नाहीत.

ऑलसचं डोकं तिच्या कुशीला टेकलं, मग खांदे, मग सगळा ऑलस जमिनीवर आला. बायांनी दोर कापला. नाळ कापावी तसा कापला. त्याला कोमट पाण्यानं धुतलं, एवढ्या बाप्याला बाळोत्यात गुंडाळलं, तोंडाला दुधाचं बोट लावलं. एरवी गाव हसून हसून लोळलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

साल्वियानं डोळे उघडले. तिनं विचारलं, सगळ्या बाळंतिणी विचारतात तेच विचारलं. "काय झालं गं? मुलगा का मुलगी?"

"मुलगा," मांडीवर डोकं घेतलेली बाई म्हणाली.

"धड आहे ना?"

"धड आहे."

साल्विया हसली. तिच्या फटकळ तोंडावर असं हसू कुणी पाहिलं नव्हतं.

आता उचलायचं होतं मारुल्लसनं. म्हातारा माणूस, आणि समोर वाढलेला मुलगा. तो आत आला, वाकला, मुलाच्या काखेत हात घातले. असं म्हणतात की त्यानं ऑलसला जमिनीवरून अगदी तान्ह्या मुलासारखं उचललं, छातीशी धरलं, आणि चितेपाशी जे रडला नव्हता ते सगळं तेव्हा रडला. मग त्यानं मुलाला उभं केलं. "तुझी लेक उचल," तो म्हणाला. "लवकर उचल."

उंबऱ्यावर उन्हाची नुसती रेघ राहिली होती. ऑलसनं वाकून साल्वियाच्या तळव्यांवरून आपली मुलगी उचलली. ती त्याच्या दाढीला हात लावून रडायला लागली. बाहेर कुऱ्हाड उंबऱ्यावर पडली, मुसळ वाजलं, केरसुणी फिरली. तेर्तुल्ला हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"साल्विया, आता काढ हात," ती म्हणाली. "उचललं बघ त्यांनी."

हात तसेच होते. तळवे वर, बोटं किंचित वाकलेली, वर काहीच नाही. मांडीवर डोकं घेतलेल्या बाईनं तिच्या नाकाशी गाल नेला आणि मान हलवली. साल्विया केव्हा गेली ते कुणाला कळलंच नाही. मुलगी उचलेपर्यंत ती होती की त्याआधीच गेली होती, ह्यावर आल्बेनात अजून वाद घालतात. मला विचाराल तर ती आधी गेली होती, आणि हात तेवढे थांबले होते. पण ते माझं म्हणणं.

माणूस मेलं की जवळच्या नातलगानं त्याच्या नावानं हाक मारायची असते, हे मघाशी सांगितलंच. साल्वियाला नातलग कुठले? बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा ऑलस, तसाच बाळोत्यात गुंडाळलेला, तिच्या उशाशी बसला आणि त्यानं हाक मारली. "आई." कुणी ओ दिली नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. टाकलेली पोर ती, तिला जन्मात ह्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. आणि मारली तेव्हा ऐकायला ती नव्हती. हे सांगताना मला नेहमीच रडू येतं, येऊ दे.

हात छातीवर जुळवायला गेले तर ते जुळेनात, उलटेही होईनात. तसेच उघडे ठेवून तिला चितेवर नेलं. बाळंतपणात गेलेल्या आईचा मान तिला दिला, आणि राख मारुल्लसच्या कुळाच्या थडग्यात ठेवली. खांदा द्यायला मारुल्लस पुढे होता. त्यानंतर तो फार जगला नाही. जगला तितके दिवस, गावात कुठंही मूल जन्मलं की बोलावल्याशिवाय जाऊन दारात उभा राहायचा. बापाचा पाय अडखळलेला दिसला की म्हणायचा, "उचल रे. मी दोन नाही उचलल्या." एवढा मोठा माणूस, पण हे म्हणताना त्याला लाज वाटायची नाही.

ती मुलगी मोठी झाली. ती सुईण झाली नसती तरच नवल. आपण कुणाच्या तळव्यावर दिवस काढला हे तिला आईनं सांगितलं होतं. तिनं रीत मोडली नाही, मूल जमिनीवर ठेवायचं थांबवलं नाही. फक्त ठेवताना हात खालून काढून घ्यायची नाही. तिनं शिकवलेल्या सुइणींनीही काढले नाहीत, त्यांनी शिकवलेल्यांनीही नाहीत. शिवेवरच्या त्या वाटेवर हळूहळू गवत वाढलं.

आता रोमचं राज्य कुठं राहिलंय? ते देव गेले, ती भाषा गेली. आल्बेनातल्या बाया आता दवाखान्यात बाळंत होतात. तरी बाळ घरी आलं की घरातली एखादी बाई, आत्या, मावशी, शेजारीण, कुणीही, फरशीवर गुडघे टेकते आणि तळवे वर करून हात जमिनीवर ठेवते. त्या हातांवर बाळ ठेवतात.  त्यांना साल्वियाचे हात म्हणतात. बाप आला तर बाप उचलतो. बाप नाही आला, तर कुणी वाट बघत नाही, ते हातच उचलतात.